एका घराची तीन उत्पन्नं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझं काही चुकत असेल तर तिथेच टोकता येईल. तुम्ही धायरीत राहता, खासगी कंपनीत सुपरवायझर आहात, हातात महिना ३४ हजार येतात. बायको घरून डबे देते, त्यातून आठ-नऊ हजार सुटतात. म्हणजे घरात वर्षाला पाच लाखांच्या आसपास. मे २०२४ मध्ये मुलाच्या आरटीई (शिक्षणहक्क कायद्यातल्या राखीव जागेवरच्या) प्रवेशासाठी एका एजंटाने तुम्हाला ९५ हजारांचा उत्पन्नाचा दाखला काढून दिला. रेशनकार्ड वडिलांच्या वेळेपासून केशरी, आणि त्याच्या जोरावर बायकोला लाडकी बहीणचे दीड हजार सुरू झाले. आता फ्लॅट बघितलाय, बँक आयटीआर (आयकर विवरणपत्र) मागतेय. तुमचे प्रश्न असे, की आयटीआर भरला तर पकडले जाऊ का, जेल होते का, पैसे परत भरावे लागतात का, शाळा मुलाला काढेल का, आणि आयटीआरमध्येच उत्पन्न कमी दाखवलं तर चालेल का.

मी महसूल खात्यात एकतीस वर्षं काढली. कारकून म्हणून लागलो, नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. मधली सहा वर्षं पुरवठा शाखेत होतो, म्हणजे रेशनकार्डांच्या ढिगाऱ्यात. दाखल्यांवर सह्या केल्या आणि दाखले रद्द करायच्या सुनावण्याही घेतल्या. वकील नाही, त्यामुळे कलमं सांगेन ती कामापुरती.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात सोपं, म्हणून ते आधी उरकतो. आयटीआरमध्ये कमी दाखवू नका. पगार बँकेत जमा होतो, पीएफ खातं आधारला जोडलेलं आहे, तुमचा आकडा आयकर खात्याला तुमच्या आधी माहीत असतो. कमी उत्पन्न दाखवल्यास बुडालेल्या कराच्या ५० टक्के आणि जाणूनबुजून चुकीचं दाखवल्यास २०० टक्के दंडाची तरतूद आहे. तुमच्या उत्पन्नावर सूट धरून कर बहुधा शून्यच निघेल. मग फुकट नवं खोटं कशाला?

आता मुद्द्याचं. तुमच्या लिहिण्यात 'पकडले जाऊ का' तीन वेळा आलंय. पण तुमची अडचण वेगळी आहे. तुमच्या एकाच घराची तीन उत्पन्नं सरकारदरबारी पडून आहेत. रेशनकार्डावर वडिलांच्या वेळचं, दाखल्यावर एजंटाचं आणि पगारपत्रकावर तुमचं. आजपर्यंत ते तीन कागद एकमेकांना भेटले नव्हते. कर्जासाठी तुम्ही त्यांची भेट घडवून आणताय.

लोकांना वाटतं, सरकार तपासणी करतं आणि खोटं सापडतं. माझा अनुभव तसा नाही. खेडेगावात तलाठी माणसाला ओळखतो, विहिरीला पाणी किती हेही त्याला ठाऊक असतं. पुण्यासारख्या शहरात तो काय ओळखणार? समोर रेशनकार्ड, लाईटबिल आणि स्वयंघोषणापत्र येतं, त्यावरून अहवाल जातो, अहवालावरून दाखला निघतो. ऐन प्रवेशाच्या दिवसांत एका टेबलावर दिवसाला शेकड्याने अर्ज यायचे. त्यात खोटं शोधायला कोण बसलंय? खोटं उघडं पडतं ते माणसाने दुसऱ्या कामासाठी आपण होऊन दिलेल्या खऱ्या कागदामुळे. धान्य घ्यायला माणूस गरीब होतो आणि कर्ज घ्यायला श्रीमंत. शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात जाऊन बसा एक दिवस. नवरा म्हणतो मला बारा हजार पगार, आणि बायकोचा वकील त्याच्याच गाडीच्या कर्जाचा अर्ज पुढे करतो. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या खटल्यात दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र बंधनकारक केलं, तेव्हापासून तर हे रोजचं झालंय.

मोठ्या माणसांचंही असंच होतं. २०२४ मध्ये पुण्यात प्रशिक्षणाला आलेल्या एका आयएएस अधिकाऱ्याच्या नॉन-क्रीमी लेअर (ओबीसी कुटुंब सधन नसल्याच्या) दाखल्यावरून देशभर गदारोळ झाला तो आठवत असेल. दाखल्यावर बोट ठेवलं गेलं ते त्या अधिकाऱ्याच्या वडिलांनी लोकसभा निवडणुकीला दिलेल्या शपथपत्रामुळे. त्यात मालमत्ता कोटींमध्ये होती. (पुढे केंद्रीय लोकसेवा आयोगाने उमेदवारी रद्द केली ती ठरलेल्यापेक्षा जास्त वेळा परीक्षा दिल्याच्या कारणावरून, आरोप त्या अधिकाऱ्याने नाकारले आणि प्रकरण कोर्टात गेलं. पण सुरुवात कुठून झाली ते बघा.)

याचीच उलटी बाजू दाखवणारी एक सुनावणी मी घेतली होती. ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण तुमच्यासारखे लोक घाबरून त्याच खड्ड्यात जातात.

मार्केट यार्डातून कोंढव्याच्या बाजूला भाजी पोचवणारा एक टेम्पोवाला. मुलीला अडीच लाखांच्या मर्यादेतली शिष्यवृत्ती मिळत होती. कॉलेजकडे कुणीतरी निनावी अर्ज केला, सोबत ह्या गृहस्थाच्या तीन वर्षांच्या आयटीआरच्या झेरॉक्स. प्रत्येक वर्षी पाच लाखांच्या वर उत्पन्न. आमच्याकडे दाखल्याची चौकशी आली. प्रथमदर्शनी प्रकरण स्वच्छ होतं, दाखला खोटा. माणूस आला तो साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी घेऊन. बसा म्हटलं तरी बसेना. पिशवीतून त्याने दोनशे पानी वह्या काढल्या, चार. रोजचं भाडं, डिझेल, हमाली, पंक्चर, 'आज गाडी उभी', सगळं बॉलपेनने. एका पानावर टोमॅटोचा डाग आणि बाजूला 'क्रेट फुटले, ३०० कापले'.

म्हटलं, मग हे पाच लाख कुठून आले? म्हणाला, साहेब, टेम्पोच्या कर्जासाठी एजंटाने भरून दिलं, बँकेला एवढं लागतं म्हणाला. मी आणि आमच्या क्लार्कबाई दोन दुपार वह्यांची बेरीज करत बसलो. डिझेल, दुरुस्ती जाऊन निघाले दोन लाख अठ्ठावीस हजार. कर्जाचा हप्ता महिना ९,४००. म्हणजे हप्ता देऊन घर चालायचं ९,६०० रुपयांत. दाखला खरा होता, खोटं आयटीआर होतं! मी तसा अहवाल दिला, दाखला टिकला. पण चौकशीत मुलीचं एक वर्ष शिष्यवृत्तीविना गेलं, ते कुणी भरून देणार नव्हतं. बँकेला खोटे कागद दिल्याचं शुक्लकाष्ठ त्याच्या मागे राहिलं ते वेगळंच.

म्हणून तुम्हाला विचारतो, तुमचा पाच लाखांचा आकडा पक्का खरा आहे ना? पगार आहे म्हणजे असणार. पण डब्यांचे आठ-नऊ हजार हे आलेले पैसे की किराणा, गॅस वजा जाता उरलेले? तुम्ही 'सुटतात' लिहिलंय म्हणून मी उरलेले धरतोय. आणि पगार मोजताना हातात आलेला मोजायचा नसतो, कपातीआधीचा मोजायचा. दाखल्यासाठी 'कुटुंबाचं सर्व मार्गांनी मिळणारं उत्पन्न' लागतं, त्यात बायकोची कमाई येते. वडील सोबत राहत असतील आणि त्यांना पेन्शन असेल तर तीही बघितली जाते. निम्मे लोक इथेच चुकतात, आणि ती चूक असते, लबाडी नसते.

एक गोष्ट तुमच्या बाजूने बोलतो. ह्या मर्यादा ज्यांनी ठरवल्या आणि नंतर तशाच ठेवल्या, त्यांना पुण्यात एक महिना राहायला लावलं पाहिजे. केशरी कार्डाची कमाल मर्यादा वर्षाला एक लाख. अन्नसुरक्षा कायद्याखाली राज्याने ठरवलेली शहरातल्या प्राधान्य (म्हणजे स्वस्त धान्य मिळणाऱ्या) कुटुंबाची मर्यादा ५९ हजार, ग्रामीणची ४४ हजार. ५९ हजार म्हणजे महिन्याला पाच हजारसुद्धा होत नाहीत. आरटीईत दुर्बल घटकाला एक लाख. चार घरची धुणीभांडी करणारी बाई आणि बिगारी काम करणारा नवरा, दोघं मिळून एक लाखाच्या वर सहज जातात. काउंटरवर बायका मला विचारायच्या, "भाऊ, खरं लिहिलं तर धान्य बंद होईल का?" मी मान खाली घालून शिक्का मारायचो. नोकरीत असताना हे कुठे लिहिलं नसतं.

पण त्या बाईत आणि तुमच्यात फरक आहे, आणि फाईल बघणाऱ्या अधिकाऱ्यालाही तो दिसतो. एक लाख दहा हजारांचे ९८ हजार लिहिणं आणि पाच लाखांचे ९५ हजार लिहिणं, दोन्ही कायद्याने खोटंच. तरी पहिल्याकडे समज देऊन सोडायचा कल असतो, दुसऱ्याकडे नसतो.

पगारपत्रक खरं आहे, ते सोडा. उरलेले दोन कागद आणि बायकोचा लाडकी बहीणचा अर्ज, ह्या तिन्हींचं वजनही सारखं नाही. रेशनकार्ड वडिलांच्या काळात खरं होतं, तुम्ही फक्त बदल कळवला नाही. हे सगळ्यात हलकं. उत्पन्न वाढलं की कळवणं कार्डधारकाचंच काम आहे, पण निम्मं शहर कळवत नाही. अपात्र कार्डांची शोधमोहीम निघते, तेव्हा अर्ज भरून घेतात, कार्डाचा रंग बदलतो, धान्य थांबतं, बहुतेक वेळा प्रकरण तिथेच संपतं. धान्य उचललं असेल तर बाजारभावाने वसुलीची नोटीस निघू शकते. तुम्ही धान्य घेत होतात का ते लिहिलं नाहीये. केशरी कार्ड असून धान्य न मिळणारे बरेच आहेत.

लाडकी बहीणचं त्याहून जड. २८ जून २०२४ च्या शासन निर्णयात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत, घरात आयकर भरणारा नको, ट्रॅक्टर सोडून चारचाकी नको, सरकारी नोकर नको, असं स्पष्ट होतं. पिवळं किंवा केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट. म्हणजे जुनं केशरी कार्ड हे दार झालं आणि लाखो लोक त्यातून आत आले. तुमच्या बायकोने अर्जासोबत हमीपत्र दिलंय, त्यात उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे असं लिहिलेलं असतं. 'आम्ही टॅक्स भरत नाही' हे उत्तर इथे निम्म्यालाच पुरतं. पाच लाखांवर कर शून्य आला तरी पाच लाख हे अडीच लाखांहून जास्तच. छाननी सुरू झाल्यावर चारचाकी आधी सापडल्या, कारण ती यादी परिवहन खात्याकडे तयार होती, पुण्यात अंगणवाडी सेविकांना घरोघरी पाठवलं. मग सरकारी नोकरीतल्या महिला सापडल्या, त्यांचा पगारही सरकारच्याच यादीत. २०२५ च्या सप्टेंबरपासून केवायसीत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार घ्यायला लागले तो ह्याच कारणाने.

पैसे परत द्यावे लागतात का? सामान्य घरातल्या महिलांना दिलेले हप्ते मागे घेणार नाही असं सरकारने जाहीरपणे सांगितलं होतं. हे मंत्र्यांचं बोलणं आहे, कायद्यातली माफी नव्हे. पीएम-किसानमध्ये आधी वर्षाला सहा हजार वाटले आणि मग आयकर भरणाऱ्या शेतकऱ्यांना नोटिसा काढून परत मागितले, हे महाराष्ट्राने बघितलंय. काहींनी ते हप्ते द्राक्षं विकून आलेल्या पैशांतून परत भरले. सरकारी येणं वेळेत न भरल्यास जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली लावता येते, म्हणजे सातबारावर बोजा चढू शकतो. गावाकडे तुमच्या नावावर चार गुंठे असतील तर भावकीला कळायला तेवढं पुरतं.

आणि सगळ्यात जड कागद म्हणजे तो ९५ हजारांचा दाखला. त्यावर जरा थांबू.

दाखल्याच्या अर्जासोबत तुम्ही (किंवा तुमच्या नावाने एजंटाने) एक स्वयंघोषणापत्र दिलंय. पूर्वी स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र लागायचं, नोटरीसमोर उभं राहताना माणसाचा हात जरा तरी थरथरायचा. आता साध्या कागदावर सही. त्या सहीच्या वर लिहिलेलं असतं की माहिती खोटी निघाल्यास माझ्यावर खटला भरला जाईल आणि मी शिक्षेला पात्र राहीन याची मला जाणीव आहे. हे वाचून सही करणारा माणूस मी एकतीस वर्षांत क्वचित पाहिला. आमच्या एका कार्यालयाच्या फाटकाबाहेर झाडाखाली एकजण टेबल टाकून बसायचा. 'व्यवसाय' ह्या रकान्यात तो सगळ्यांना 'मोलमजुरी' लिहायचा. समोर इस्त्रीचा शर्ट घातलेला, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र लटकवलेला माणूस असला तरी मोलमजुरी. पेन एकच, अक्षर एकच. त्या एका अक्षरामुळे मला नंतर एका गठ्ठ्यातले चाळीसेक अर्ज वेगळे काढता आले, आणि अडचणीत आले ते सह्या करणारे. टेबलवाला दुसऱ्या फाटकाला गेला. एजंटाने केलं, मला माहीत नव्हतं, हा बचाव मी शेकडो वेळा ऐकला आणि एकदाच मान्य केला, तेव्हा सही खरोखरच अर्जदाराची नव्हती.

दाखल्याचे दोन प्रकार असू शकतात, आणि तुमचं पुढचं सगळं त्यावर आहे. पहिला, दाखला खरा आहे पण खोट्या माहितीवर मिळवलाय. तो सरकारी नोंदीत आहे, सही डिजिटल आहे, बारकोड टाकला की ऑनलाइन दिसतो. दुसरा, दाखलाच बनावट आहे. कुणाचा तरी जुना दाखला घेऊन कॉम्प्युटरवर नाव आणि आकडा बदलून छापलाय. दोन-तीन हजार घेऊन एका दिवसात 'करून देतो' म्हणणाऱ्यांचे दाखले बरेचदा दुसऱ्या प्रकारातले निघतात. सरकारी शुल्क शंभर रुपयांच्या आत आणि मुदत पंधरा दिवसांची असताना ही घाई कशाची असते, समजून घ्या.

पहिल्या प्रकारात खोटं घोषणापत्र दिल्याचं कलम लागतं, जुन्या दंड संहितेत १९९ आणि २००, नव्या भारतीय न्याय संहितेत २३६ आणि २३७, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. फसवणूक धरली तर जुनं ४२०, नवं ३१८(४), सात वर्षांपर्यंत. दुसऱ्या प्रकारात बनावट दस्तऐवज तयार करणं आणि तो खरा म्हणून वापरणं येतं, जुनी ४६८ आणि ४७१, नवी ३३६(३) आणि ३४०(२), आणि पोलीस हे प्रकरण फार वेगळ्या डोळ्यांनी बघतात, कारण त्यांना छापणारी टोळी हवी असते आणि तुम्ही त्या साखळीतली पहिली कडी असता. तुमचा दाखला मे २०२४ चा. नवा कायदा १ जुलै २०२४ ला लागू झाला, त्यामुळे दाखला काढण्याच्या कृत्याला जुनीच कलमं. बायकोचा अर्ज त्यानंतरचा असेल तर त्याला नवी.

'किती वर्षं गेली की सुटलो' असं तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेल. तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात कोर्टाला तीन वर्षांत दखल घ्यावी लागते. सात वर्षांच्या गुन्ह्याला अशी मुदत नाही. म्हणून दिवस मोजत बसण्यात अर्थ नाही.

जेल होते का? प्रामाणिकपणे सांगतो, माझ्या टेबलावरून गेलेल्या प्रकरणांत बहुतेकांचा लाभ बंद झाला, बऱ्याच जणांना नोटीस गेली, काही दाखले रद्द झाले, आणि पोलिसात गेली ती बोटांवर मोजण्याइतकी. जी गेली ती का गेली तेही सांगतो. दाखला बनावट निघाला. किंवा लाभ घेणारा स्वतः सरकारी नोकर होता, त्याला तर वर्तणूक नियमांखाली विभागीय चौकशीही लागते. किंवा एकाच एजंटाचे पन्नास निघाले. किंवा, आणि हे सगळ्यात जास्त, कुणीतरी तक्रार केली आणि पाठपुरावा सोडला नाही. तक्रार करणारा बहुधा घरातला असतो. वाटणीवरून बिनसलेला भाऊ, नाहीतर ज्याच्या पोराचा त्याच शाळेत नंबर लागला नाही असा शेजारी. पुणे जिल्ह्यात आरटीईसाठी खोटी कागदपत्रं दिल्यावरून पालकांवर गुन्हे दाखल झालेत, ही काही ऐकीव गोष्ट नाही. गुन्हा नोंदला गेला की शिक्षा होवो न होवो, पासपोर्ट, चारित्र्य पडताळणी, नोकरी बदलताना भरायचा फॉर्म, प्रत्येक ठिकाणी 'आपल्यावर फौजदारी प्रकरण आहे काय' ह्या रकान्यापाशी हात अडतो.

मुलाच्या प्रवेशाचं मला सगळ्यात वाईट वाटतं, कारण त्यात त्याचा काही दोष नाही. आरटीईचा २५ टक्क्यांतला प्रवेश आठवीपर्यंत मोफत असतो, म्हणजे तुमच्या पोराची अजून बरीच वर्षं त्यावर टांगलेली आहेत. अर्ज भरतानाच लिहून घेतलेलं असतं की कागदपत्रं खोटी निघाल्यास प्रवेश रद्द होईल. पण एक गोष्ट आजच बघा. प्रवेशाच्या पत्रावर मुलाचा प्रवेश 'दुर्बल घटक' म्हणून झालाय की 'वंचित गट' म्हणून? तुम्ही जात लिहिलेली नाही आणि मला ती विचारायचीही नाही. पण अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, ओबीसी, विशेष मागास, दिव्यांग मुलं वंचित गटात येतात आणि त्यांना उत्पन्नाची अटच नाही. मी अशी दोन प्रकरणं पाहिली की जातीच्या दाखल्यावर प्रवेश सरळ मिळत असताना एजंटाने दोन हजार उकळायला उत्पन्नाचा खोटा दाखला काढून दिला. ज्या कागदाची गरजच नव्हती त्यासाठी माणूस गुन्हेगार झाला. तुमचं तसं असेल तर प्रवेशाला फारसा धोका नाही, आणि वकिलाला सांगण्यासारखी पहिली चांगली गोष्ट मिळाली.

तसं नसेल, तर स्वतःहून शाळेला जाऊन सांगा असं मी डोळे झाकून सांगणार नाही. नीतीचं उत्तर सोपं आहे, पण सही केलेला कबुलीजबाब उद्या तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून फिरू शकतो. शाळेच्या बाबतीत काहीही लेखी देण्याआधी फौजदारी बाजू बघणाऱ्या वकिलाला एकदा भेटा, फी द्या, फुकट सल्ल्यावर ह्या एका गोष्टीत विसंबू नका. माझ्याही नाही. पुढच्या वर्षाची फी भरून सर्वसाधारण प्रवेशात जायचं असं काही पालकांनी केलेलं मला माहीत आहे. पगार बघता तुम्हाला ते जड जाईल पण अशक्य नाही, आणि फ्लॅटचा हप्ता ठरवताना ती फी हिशेबात धरा.

बाकी दोन कागदांबद्दल मात्र माझं मत स्पष्ट आहे. कर्जाच्या अर्जाआधी ते निस्तरा. बायकोने योजनेतून बाहेर पडत असल्याचा अर्ज द्यावा, अंगणवाडी सेविकेकडे किंवा महिला व बालविकासच्या कार्यालयात. २०२५ च्या सुरुवातीला हजारो महिला अशा आपण होऊन बाहेर पडल्या. अर्जात गोष्ट रंगवू नका. 'कुटुंबाचे उत्पन्न मर्यादेपेक्षा अधिक असल्याने यापुढे लाभ नको', एवढं एक वाक्य पुरतं. घेतलेले पैसे भरायची तयारी असेल तर ते सरकारी चलनानेच (भरणा पावतीने) भरा, कुणाच्या हातात रोख देऊ नका. रेशनकार्डासाठी तुमच्या भागाच्या परिमंडळ कार्यालयात उत्पन्न वाढल्याचा अर्ज, सोबत पगारपत्रक. दोन्हीकडे दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि क्रमांक घ्या. बारनिशीतली (आवक-जावक टेबलावरची) बाई 'राहू द्या, लागत नाही' म्हणेल. लागतो. उद्या कुणी तक्रार केली तर तुम्ही आधी आलात की तक्रार आधी आली, हे त्या शिक्क्यावरच ठरतं, आणि सुनावणी घेणाऱ्याच्या मनात त्याचा फरक पडतो. माझ्या पडायचा.

एजंटाला फोन करू नका. तो हमखास म्हणेल, 'काळजी करू नका, अडीच लाखांच्या आत बसेल असा नवा दाखला काढून देतो.' हा मधला आकडा मी फार पाहिलाय. दोन लाख चाळीस हजार. जणू अर्ध्या पुण्याचं उत्पन्न दोन लाख चाळीस हजारच आहे! ९५ हजारांवर दोन चाळीसचा थर चढवलात तर पहिल्यांदा अजाणतेपणी झालं असं म्हणायची सोय गेली. तसंच जुना दाखला फाडून टाकायची बुद्धी होईल. फाडून काही होत नाही, त्याची प्रत शाळेच्या फाईलमध्ये आहे.

सगळ्याआधी मात्र एक काम करा, घरबसल्या होईल, पाच मिनिटांचं. त्या दाखल्यावरचा बारकोड क्रमांक आपले सरकार पोर्टलवर टाकून पडताळा. तुमचं नाव आणि ९५ हजार हा आकडा आला, तर वर सांगितलं त्या क्रमाने शांतपणे चला. नोंद सापडली नाही किंवा भलत्याचंच नाव आलं, तर अर्ज, आवक शिक्का, बँक, सगळं बाजूला ठेवा आणि सोमवारी पहिलं काम म्हणून वकील गाठा. पडताळणीत काय आलं ते कळवा. नाव, क्रमांक काही टाकू नका, नुसतं 'सापडला' किंवा 'नाही' एवढंच लिहा.